कारभाराचे नमुने आणि संगणक

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



संगणकावर बोलावे अशी आपली सूचना होती. संगणकावरचे भाषण म्हटले की वक्ता एकतर यंत्राची थोरवी गाईल, नाहीतर कोणती संगणकभाषा शिकल्यास नोकरी लवकर लागेल ते सांगेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी आज त्याच्या आधीच्या एका पायरीविषयी बोलणार आहे. त्या पायरीकडे आपल्या शिक्षणात फारसे लक्ष दिले जात नाही, आणि पुढे सर्वांत महाग पडणाऱ्या चुका मात्र तिथेच होतात.

समजा, एका शाळेचा कारभार संगणकावर आणायचा आहे. प्रोग्रॅम लिहिणारा तरुण भाषा शिकून आलेला आहे. परंतु पहिली ओळ लिहिण्याआधी त्याला काही गोष्टी ठरवाव्या लागतात. या कारभारात कोण कोण आहेत? त्यांचे एकमेकांशी नाते काय? कोणती घटना नोंदवायची आणि कोणती नाही? चूक झाली तर ती दुरुस्त कशी करायची? या उत्तरांतून जे चित्र उभे राहते त्याला आपण कारभाराचा आराखडा म्हणू. प्रोग्रॅमातली चूक बहुधा एका दुपारी दुरुस्त होते. आराखड्यातली चूक मात्र हजारो नोंदींत मुरलेली असते, आणि ती काढताना सगळे घर उसकटावे लागते.

मग प्रश्न असा की, हा आराखडा प्रत्येकाने दर वेळी कोऱ्या कागदापासून काढायचा काय? शाळेसाठी वेगळा, दवाखान्यासाठी वेगळा, भुसारी दुकानासाठी वेगळा? याचे उत्तर 'नाही' असे आहे. वरून निराळे दिसणारे हे व्यवहार आतून पुष्कळदा एकाच घडणीचे असतात. त्या घडणी अनुभवी मंडळींनी ओळखून, नावे देऊन, लिहून ठेवल्या आहेत. त्यांना इंग्रजीत पॅटर्न म्हणतात. मराठीत आपण 'नमुना' म्हणू या.

हा शब्द मी मुद्दाम निवडला आहे. आपल्या गावच्या महसुली दप्तरात 'गाव नमुना' असतो. एकपासून एकवीसपर्यंत क्रमांकाचे हे नमुने आहेत. आपण ज्याला सातबारा म्हणतो, तो म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांची जोडी. एकात जमिनीवरील हक्क, दुसऱ्यात पिके. गाव कोकणातले असो वा मराठवाड्यातले, नमुना तोच. भरलेली माहिती मात्र त्या त्या गावाची. एकदा नीट विचार करून घडण ठरवायची आणि ती गावोगाव वापरायची, ही कल्पना संगणकाच्या पुष्कळ आधीपासून आपल्या दप्तरात नांदते आहे.

संगणकाच्या क्षेत्रात ही कल्पना आली ती एका वास्तुशास्त्रज्ञाकडून. क्रिस्टोफर अलेक्झांडर हे त्यांचे नाव. व्हिएन्नात १९३६ साली जन्मलेले हे गृहस्थ पुढे अमेरिकेत बर्कली येथे प्राध्यापक होते आणि २०२२ साली निवर्तले. आपल्यासाठी विशेष गोष्ट अशी की, त्यांच्या १९६४ च्या पहिल्या महत्त्वाच्या पुस्तकात रचनेची पद्धत समजावण्यासाठी घेतलेले सविस्तर उदाहरण सहाशे वस्तीच्या एका भारतीय खेड्याचे आहे. ते गुजरातेतील एका खेड्यात राहिले, लोकांच्या गरजा त्यांनी टिपल्या, आणि तशा १४१ गरजांची यादी केली. एवढेच करून ते थांबले नाहीत, खेड्यात त्यांनी एक शाळाही बांधली.

पुढे १९७७ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अ पॅटर्न लँग्वेज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात घर, गल्ली, गाव यांच्या रचनेचे २५३ नमुने आहेत. एक नमुना पाहा. ज्या खोलीत एकाच बाजूने उजेड येतो तिथे माणसे फार वेळ रमत नाहीत. म्हणून शक्य तिथे खोलीला दोन बाजूंनी उजेड द्यावा. खिडकी केवढी असावी, लाकूड कोणते वापरावे, हे नमुना सांगत नाही. अडचण कोणती आणि तिच्यावर टिकलेला उपाय कोणता, एवढेच तो सांगतो. बाकीचे ज्याच्या त्याच्या जागेवर अवलंबून.

१९८७ साली केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या दोन अमेरिकन प्रोग्रॅमरांनी ही कल्पना सॉफ्टवेअरच्या परिषदेत मांडली. १९९४ साली गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसाइड्स या चौघांचे २३ नमुन्यांचे पुस्तक निघाले आणि ते जगभर गाजले. पण त्या पुस्तकातले नमुने प्रोग्रॅमच्या अंतर्गत रचनेचे होते. कारभाराच्या आराखड्याचे नमुने निराळे. त्यांवर डेव्हिड हे यांचे पुस्तक १९९५ साली आणि मार्टिन फाउलर या इंग्रज तज्ज्ञाचे 'ॲनालिसिस पॅटर्न्स' १९९६ साली आले. फाउलर यांचे बरेचसे नमुने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी डॉक्टर आणि परिचारिका यांच्याबरोबर बसून केलेल्या कामातून निघाले. रुग्णाच्या तपासणीसाठी तयार झालेला त्यांतला एक आराखडा पुढे एका मोठ्या उत्पादक कंपनीच्या आर्थिक प्रकृतीची तपासणी करायलाही उपयोगी पडला. ताप का आला हे शोधणारा डॉक्टर आणि नफा का घटला हे शोधणारा हिशेबनीस, दोघेही निरीक्षणे गोळा करून कारणाकडे जात असतात. आतली घडण एक, ती अशी.

इतिहास इथे पुरे. आता चार नमुने आपल्याच परिचयाच्या गोष्टींतून पाहू.

पहिला नमुना 'पक्षकार' आणि त्याची भूमिका यांचा. नवशिका प्रोग्रॅमर शाळेसाठी तक्ते करतो: शिक्षकांचा एक, पालकांचा एक, देणगीदारांचा एक, संस्थेच्या सभासदांचा एक. आता एक बाई शाळेत शिक्षिका आहेत, त्यांची मुलगी त्याच शाळेत सातवीत आहे, त्या संस्थेच्या सभासद आहेत आणि त्यांनी वाचनालयाला देणगीही दिलेली आहे. त्यांचे नाव चार ठिकाणी गेले. त्यांनी घर बदलले, पत्ता एका ठिकाणी सुधारला, तीन ठिकाणी जुनाच राहिला. माणूस एक आणि दप्तरात चार!

नमुना सांगतो की माणूस ही एक गोष्ट आणि त्याची भूमिका ही दुसरी. माणसाची नोंद एकदाच करा. शिक्षिका, पालक, सभासद, देणगीदार या भूमिका तिला जोडा, आणि प्रत्येक भूमिकेला 'केव्हापासून केव्हापर्यंत' अशी मुदत लावा. पुढे आणखी एक पायरी आहे. देणगी व्यक्ती देते तशी एखादी कंपनी किंवा न्यासही देतो. म्हणून व्यक्ती आणि संस्था या दोहोंना पोटात घेणारी एक व्यापक कल्पना लागते. वकिलांच्या भाषेतला 'पक्षकार' हा शब्द तिला चांगला बसतो. आपल्याकडील १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्यातही 'व्यक्ती' या शब्दात कंपनी आणि मंडळी यांचा समावेश केलेला आहे. कायद्याला हे सव्वाशे वर्षांपूर्वी उमगले होते, संगणकवाल्यांना ते नव्याने शोधावे लागले.

याच नमुन्याचे भावंड म्हणजे 'उत्तरदायित्व'. कोण कोणाच्या हाताखाली, हे दाखवायला नवशिका 'वरिष्ठ' असा एकच रकाना ठेवतो. पण शाळेला एकच वरिष्ठ कुठे असतो? कारभारासाठी ती संस्थेला उत्तरदायी, मान्यता आणि अनुदान यांसाठी शिक्षणाधिकाऱ्यांना, दहावीच्या परीक्षेसाठी विभागीय मंडळाला. एका रकान्यात हे मावत नाही. म्हणून 'कोण, कोणाला, कशाबद्दल, कोणत्या मुदतीत' अशी नात्याचीच स्वतंत्र नोंद करायची. उद्या चौथे नाते आले तर फक्त एक नोंद वाढेल, आराखडा मोडावा लागणार नाही.

दुसरा नमुना 'खाते आणि नोंद' यांचा. हा सर्वांत जुना. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंदीची पद्धत सविस्तर लिहून ठेवली. व्यापारी तिच्याआधीपासून ती वापरतच होते. आपल्या पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी असे. आधी व्यवहार तारखेप्रमाणे कीर्दीत चढवायचा, मग तो ज्याच्या त्याच्या खात्यावर खतवायचा. एकाच्या नावे तर दुसऱ्याच्या जमा. रक्कम कुठून तरी निघते आणि कुठे तरी पोचते. हवेत विरत नाही. म्हणूनच दोन्ही बाजूंचा मेळ बसला पाहिजे.

या नमुन्याचा गाभा दोन नियमांत आहे. पहिला नियम, शिल्लक नुसती लिहून ठेवायची नसते, ती नोंदींतून निघाली पाहिजे. दुसरा नियम, झालेली नोंद खोडायची नाही. चूक झाली असेल तर उलट नोंद करून ती फिरवायची आणि मग बरोबर नोंद करायची. म्हणजे काय झाले, केव्हा झाले, कोणी केले, हे कायम दिसत राहते.

आता हा नमुना फक्त पैशांचाच आहे काय? मुळीच नाही. गोदामातला तांदूळ घ्या. गोदाम हे एक खाते, दुकान हे दुसरे. दहा पोती इकडून तिकडे गेली म्हणजे एका खात्यातून वजा, दुसऱ्यात जमा. पोषण आहाराच्या धान्याचा हिशेब असाच ठेवावा लागतो. शिक्षकांच्या रजेचे घ्या. कार्यालयात आपण 'रजेचे खाते' असेच म्हणतो! कारकुनाने बारा दिवस शिल्लक खोडून नुसते दहा लिहिले तर दोन दिवस कोणत्या तारखांना गेले याचा पुरावा राहत नाही, आणि निवृत्तीच्या वेळी वाद उभा राहतो. रजा, धान्य, पैसा, वाचनालयातली पुस्तके: वस्तू निराळ्या, नमुना एक. ज्याला हे एकदा कळले त्याला चार प्रोग्रॅम नव्याने शिकावे लागत नाहीत.

तिसरा नमुना 'परिमाण आणि निरीक्षण' यांचा. संगणकात नुसता आकडा ठेवणे धोक्याचे आहे. आकड्याबरोबर त्याचे एकक पाहिजे. जमीन चाळीस, असे म्हणून कसे चालेल? गुंठे की आर? चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो, आणि चाळीस आर म्हणजे त्याहून थोडे कमी. अमेरिकेच्या नासा संस्थेचे मंगळाकडे पाठवलेले एक यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी हातचे गेले, कारण जमिनीवरचे एक सॉफ्टवेअर रेट्याचे आकडे ब्रिटिश एककांत देत होते आणि दुसरीकडे ते मेट्रिक एककांत आहेत असे धरले जात होते. दोन्हींकडचे गणित आपापल्या जागी बरोबर होते. एकक तेवढे सांगायचे राहिले होते.

पैशाचेही तेच. रक्कम म्हणजे आकडा, चलन आणि पूर्णांक करण्याचा नियम. शंभर रुपये तिघांत वाटले तर प्रत्येकी तेहतीस रुपये तेहतीस पैसे होतात आणि एक पैसा उरतो. तो कोणाला द्यायचा, हे आराखड्यात ठरलेले नसेल तर वर्षअखेर हिशेबात न जुळणारे पैसे निघतात आणि एखादा प्रामाणिक कारकून रात्री जागतो.

निरीक्षणाबाबत फाउलर यांनी रुग्णालयातून उचललेला एक धडा फार मोलाचा आहे. समजा, सकाळी रुग्णाचा रक्तदाब चुकीचा मोजला गेला आणि दुपारी ते लक्षात आले. ती नोंद पुसून टाकावी काय? नाही. कारण त्या चुकीच्या आकड्यावर विसंबून सकाळी औषध दिले गेलेले असू शकते. आकडा पुसला तर औषध का दिले हेच कोणाला कळणार नाही. म्हणून नोंद ठेवायची आणि तिच्यावर 'नाकारलेली' असा शिक्का मारायचा. खतावणीतला 'खोडू नका' हा नियम दवाखान्यातही पुन्हा भेटतो, तो असा.

चौथा नमुना 'काळा'चा. एका गोष्टीला बहुधा दोन तारखा असतात: ती केव्हा घडली आणि आपल्याला केव्हा कळली. जमिनीच्या फेरफाराकडे पाहा. गाव नमुना सहा म्हणजे फेरफारांची नोंदवही. खातेदार वारला एका तारखेला, वारसांची नोंद मंजूर झाली दुसऱ्या तारखेला. सातबारावर जुने नाव कंसात जाते आणि नव्या नावापुढे फेरफाराचा क्रमांक येतो. जुने नाव नाहीसे होत नाही. या साध्या कंसामुळे तीस वर्षांपूर्वी जमीन कोणाच्या नावे होती हे सांगता येते. संगणकाच्या किती तरी महागड्या व्यवस्थांना हे सांगता येत नाही, कारण तिथे नव्या माहितीने जुनी पुसली जाते.

दुकानदाराला हा नमुना रोज लागतो. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी सुरू झाला आणि त्याचे अनेक दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले. ज्याने वस्तूपुढे कराचा दर असा एकच रकाना ठेवला, त्याने तो बदलताच ऑगस्टमधले जुने बिल पुन्हा छापताना नव्या दराने छापले जाणार. ज्याने दराला मुदत जोडली, त्याचे जुने बिल जुन्या दराने आणि नवे नव्या दराने, आपोआप निघते.

मित्रहो, हा सारा खटाटोप केवळ नीटनेटकेपणासाठी आहे, असे कोणी समजू नये. याच्याशी माणसांची अब्रू आणि आयुष्ये बांधलेली असतात. इंग्लंडमधले उदाहरण सांगतो. तेथील टपाल खात्याच्या गल्लोगल्लीच्या शाखा बहुधा खासगी दुकानदार चालवतात. त्यांच्या हिशेबासाठी १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणकव्यवस्था बसवली गेली. यंत्र तूट दाखवू लागले आणि दुकानदार म्हणू लागले की आम्ही पैसा घेतलेला नाही. यंत्राचे खरे धरले गेले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जण चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरवले गेले. काही तुरुंगात गेले, काहींची घरे गेली. त्यांत भारतीय वंशाची कुटुंबेही होती. अखेर डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की, व्यवस्थेत दोष होते, आणि ती पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसांना दुकानदाराच्या नकळत त्याच्या शाखेच्या नोंदींत दुरून फेरबदल करता येत होते. मे २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

एखादा नमुना पाळला असता म्हणजे तो अन्याय टळलाच असता, असे मी म्हणणार नाही. तिथे माणसांचा हटवादीपणाही होता. पण खतावणीचा नियम आठवा: प्रत्येक नोंदीवर करणाऱ्याचे नाव हवे, आणि ज्याचे खाते त्याला ती दिसली पाहिजे. पेढीवरच्या साध्या मुनीमजींनी पाळलेला हा नियम एवढ्या मोठ्या यंत्रणेत पाळला गेला नाही, आणि त्याचे मोल निरपराध माणसांनी मोजले.

आता दुसरी बाजू. नमुना म्हणजे पोथी नव्हे. तो जसाच्या तसा चिकटवला तर उपकाराऐवजी अपकार होतो. कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानाला पक्षकार, भूमिका, उत्तरदायित्व अशी पलटण लागत नाही; त्याला एक वही पुरते. पुस्तकात नमुना वाचला की तो कुठे तरी वापरलाच पाहिजे, असे तरुण प्रोग्रॅमरांना वाटते. शिंप्याकडे कापण्याचा कागदी नमुना असतो, तरी तो गिऱ्हाइकाचे माप घेतोच ना?

माप न घेता परका नमुना अंगावर चढवला म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्या घरोघर आहे. ते म्हणजे नाव. किती तरी अर्जांमध्ये पहिले नाव, मधले नाव आणि आडनाव असे तीन रकाने असतात आणि तिन्ही भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. ज्या समाजात माणसाला तीन भागांचेच नाव असते, तिथे हा आराखडा शोभतो. परंतु आपल्यातल्या पुष्कळांना आडनावच नाही. कोणाचे नाव नुसते अब्दुल रहमान. त्यातले 'रहमान' हे आडनाव नव्हे. दोन्ही शब्द मिळून एक नाव. कोणाच्या नावात 'शेख' आधी लागतो, कोणाच्या शेवटी. महंमद हा शब्द एके ठिकाणी पूर्ण लिहिला जातो, दुसरीकडे त्याचे 'मो.' होते. मग शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, बँकेच्या पासबुकावर तिसरे. यंत्राला ही तीन माणसे वाटतात. शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो आणि बाप मजुरी बुडवून प्रतिज्ञापत्रासाठी तहसिलीच्या फेऱ्या मारतो. मुलाची यात चूक कोणती? चूक आराखड्याची असते.

ही अडचण केवळ आपलीच आहे असेही नाही. दक्षिणेत वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आधी लावतात. लग्नानंतर लाखो स्त्रियांची नावे बदलतात. म्हणून अनुभवी मंडळींनी यावरही नमुना काढला आहे. माणूस जसे लिहितो तसे पूर्ण नाव एका ठिकाणी ठेवावे. आणि नाव हा माणसाचा रकाना न मानता, माणसाला जोडलेली स्वतंत्र नोंद मानावी. एका माणसाला अनेक नावे असू शकतात, प्रत्येकाचा प्रकार असतो, मुदत असते. रुग्णालयांनी एकमेकांना माहिती पाठवावी यासाठी 'फायर' नावाचे जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात नाव नेमके असेच ठेवलेले आहे: कायदेशीर नाव, रोजचे नाव, जुने नाव, माहेरचे नाव, आणि ते कोणत्या काळात लागू होते ते. मला आपल्या मुलांना सांगायचे आहे ते हेच. उद्या तुमच्यापैकी कोणी हे तक्ते आखणार आहे. सक्तीचा एक रकाना आखताना पेन क्षणभर थांबवा आणि विचारा की, या रकान्यात कोण बसणार नाही?

शेवटी, हे शिकायचे कसे? यासाठी महागडा वर्ग लावण्याची गरज नाही. पीटर कोड या अमेरिकन तज्ज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ च्या पुस्तकात एक सोपी रीत दिली आहे. चार रंगांचे कागद घ्यायचे. व्यक्ती, जागा आणि वस्तू हिरव्या कागदावर. त्यांच्या भूमिका पिवळ्यावर. विशिष्ट वेळी घडणारे प्रसंग, जसे प्रवेश, विक्री, देणगी, हे गुलाबी कागदावर. आणि नुसती वर्णने, म्हणजे एखाद्या प्रकारच्या सर्व गोष्टींना सारखी लागू पडणारी माहिती, निळ्यावर. वाचनालयाचे पाहा. पुस्तकाची कपाटातली एक प्रत हिरवी. त्या पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक हे वर्णन निळे. पुस्तक नेणारा वाचक ही भूमिका पिवळी. आणि पुस्तक नेण्याचा प्रसंग गुलाबी. ज्याने प्रत आणि पुस्तक यांतला हा भेद ओळखला, त्याला दुकानातला माल आणि मालाचा प्रकार यांतला भेद निराळा शिकवावा लागत नाही.

माझी शिक्षकांना विनंती आहे की, आपल्या शाळेतल्या तीन नोंदवह्या मुलांपुढे ठेवाव्यात: जनरल रजिस्टर, जडवस्तू संग्रह नोंदवही आणि रजेचे खाते. मुलांनी भिंतीवर चार रंगांचे कागद लावून त्यांचा आराखडा काढावा आणि तिन्हींत सारखे काय आहे ते शोधावे. मग लिपिकांना विचारावे की, चूक झाली तर तुम्ही काय करता? ती खोडता की लाल शाईने शेरा मारता? त्या उत्तरात मुलांना पुस्तकातले अर्धे नमुने सापडतील. अनेक वर्षे दप्तर सांभाळलेल्या माणसाजवळ जे ज्ञान असते, त्याला आपण कारकुनी म्हणून हिणवतो. पण आराखडा काढणाऱ्याचा खरा गुरू तोच.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सांगितलेला प्रोग्रॅम क्षणात लिहून देतात. म्हणून काही पालक विचारतात की, मग मुलांनी शिकायचे तरी काय? माझे उत्तर असे की, काय सांगायचे, हे शिकायचे. संगणकभाषा बदलतात, कंपन्या येतात आणि जातात. परंतु देणेघेणे, जबाबदारी, मोजमाप आणि काळ या गोष्टी पाचोलीच्या काळी होत्या तशाच आजही आहेत. त्यांची घडण ज्याला ओळखता आली त्याची विद्या लवकर शिळी होणार नाही. आणि ती घडण ओळखताना ज्याने समोरच्या माणसाचे माप नीट घेतले, त्याच्या हातून एखाद्या गरिबाची शिष्यवृत्ती अडणार नाही, एखाद्या प्रामाणिक दुकानदारावर चोरीचा आळ येणार नाही.

आपल्या संस्थेतून असे आराखडे काढणारे तरुण आणि तरुणी बाहेर पडोत, अशी सदिच्छा व्यक्त करतो.